स्कीन्सचा सौदा करावा का? पिट्सबर्ग पायरेट्स आणि पुनर्बांधणीचा न संपणारा हिशेब

नदीकाठचा (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्स याला नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. आनंद साजरा करायला आम्हाला फार तर एक संध्याकाळ मिळाली असेल, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतल्या रेडिओवर तोच जुना प्रश्न सुरू झाला होता. हा संघ काही इतक्यात जिंकणार नाही, मग अशा खेळाडूला ठेवून काय करायचे? त्याच्या बदल्यात चार-पाच उमदे तरुण घ्यावेत आणि संघ नव्याने उभा करावा, असे सांगणाऱ्यांची रांग लागली होती. स्कीन्स २०२६ मध्ये पायरेट्सकडेच असेल असे जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन यांनी जाहीरपणे सांगितले आहे, तरीही चर्चा थांबलेली नाही.

इथे बेसबॉल नियमित न पाहणारेही बरेच वाचक आहेत, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. स्कीन्स २३ वर्षांचा आहे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पायरेट्सने त्याला सर्वांत पहिल्या क्रमांकावर निवडले, ११ मे २०२४ रोजी तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये, पहिला सामना खेळला आणि त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये त्याने ३२ सामन्यांची सुरुवात केली, २१६ फलंदाजांना स्ट्राइकआउट (फटका न खेळू देता बाद) केले आणि त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावांची सरासरी, १.९७ राहिली. एवढे करून त्याच्या नावावर विजय १० आणि पराभवही १०. यातच संघाची सगळी कुंडली आली. पायरेट्सने ७१ सामने जिंकले, ९१ हरले आणि आपल्या गटात तळ गाठला.

करारांची रचना अशी आहे की मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क राहतो. पहिली तीन वर्षे तो साधारण किमान वेतनावर खेळतो, पुढची तीन वर्षे त्याचे वेतन वाटाघाटीने किंवा लवादापुढे ठरते आणि त्यानंतर तो मोकळा होऊन कोणत्याही संघाकडे जाऊ शकतो. सर्वोत्तम नवोदित ठरल्यामुळे स्कीन्सला मे महिन्यात येऊनही पहिले वर्ष पूर्ण धरून मिळाले, त्यामुळे त्याची सहा वर्षे २०२९ च्या हंगामाअखेरीस संपतील. म्हणजे आजच्या घडीला पायरेट्सच्या हातात त्याचे चार हंगाम आहेत.

माझे मत सांगतो. तारांकित खेळाडूचा सौदा करणे हे मुळात चूक आहे असे मी मानत नाही. लहान बाजारपेठेतल्या संघाला ते कधी ना कधी करावेच लागते. परंतु सौद्यात मिळालेल्या पोरांचे पुढे काय होते, हे ती पोरे कुणाच्या हाताखाली वाढतात यावर ठरते, आणि आमच्या संघाचा या बाबतीतला इतिहास पाहिला की माझी छाती होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये पायरेट्सने गेरिट कोलला ह्यूस्टनकडे धाडले. पिट्सबर्गमध्ये त्याला फलंदाजाच्या गुडघ्याजवळ बुडणारा सिंकर टाकून जमिनीवरचे फटके काढायला लावत असत. ह्यूस्टनने तो चेंडू जवळपास बंद केला, उंचावरचा सरळ वेगवान चेंडू आणि वळणारे चेंडू वाढवले, आणि २०१९ मध्ये त्याच माणसाने ३२६ स्ट्राइकआउट काढले. पाठोपाठ न्यूयॉर्क यांकीजने त्याला नऊ वर्षांसाठी ३२.४ कोटी डॉलर दिले. हात तोच होता, शिकवणारे बदलले.

२०१८ मध्येच ३१ जुलैला याच्या उलट दिशेचा सौदा झाला. पायरेट्सने टँपा बेकडून ख्रिस आर्चरला आणले आणि त्याच्यासाठी टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ हे तिघे देऊन टाकले. मेडोजने पुढच्याच वर्षी टँपासाठी ३३ होमरन (कुंपणापलीकडचे फटके) मारले, ग्लासनो आज लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर आहे, आणि आर्चरचा २०१९ मधला ईआरए ५.१९ होता. ज्यांना स्वतःच्या घरातले सोने ओळखता आले नाही, त्यांना दुसऱ्याच्या घरातले ओळखता येईल यावर मी स्कीन्ससारखा खेळाडू का पणाला लावावा?

मी या शहरात वीस वर्षे राहतो. त्यातली पहिली काही वर्षे १९९३ ते २०१२ या सलग वीस पराभूत हंगामांच्या शेपटात गेली, जो अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमधला विक्रम आहे. २०१३ ते २०१५ ही तीन वर्षे प्लेऑफची चव लागली आणि त्यानंतर पुन्हा दुष्काळ. 'पुनर्बांधणी' हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की नेमके काय पाडून काय बांधत आहेत असे विचारावेसे वाटते. आपली मते वाचायला आवडतील.

बखरकार

धागा चांगला आहे, परंतु इतिहास अर्धाच सांगितला आहे, म्हणून उरलेला अर्धा मी सांगतो. कोलच्या सौद्याच्या आसपासच पायरेट्सने अँड्र्यू मकचनला सॅन फ्रान्सिस्कोकडे दिले आणि त्या बदल्यात फलंदाज ब्रायन रेनॉल्ड्स आला, जो २०२१ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे त्या वर्षीच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. कोलच्या बदल्यात आलेला जो मसग्रोव्ह २०२१ च्या जानेवारीत सॅन डिएगोकडे गेला, आणि त्या व्यवहारात आलेल्यांमध्ये डेव्हिड बेडनार होता, जो दोनदा ऑल-स्टार ठरला. तेव्हा आमच्या संघाला माणसे ओळखताच येत नाहीत हे विधान जरा ओढूनताणून केलेले आहे.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. स्कीन्स पिचर आहे. १६२ सामन्यांपैकी तो ३२ सामन्यांत दिसतो आणि उरलेल्या १३० सामन्यांत तो बाकावर बसून टाळ्या वाजवतो. २०२५ मध्ये पायरेट्सने मेजर लीगमधल्या तीसही संघांत सर्वांत कमी धावा केल्या आणि सर्वांत कमी, ११७, होमरन मारले. ज्या घराला छप्पर नाही त्या घराच्या दाराला कितीही उत्तम कुलूप लावले तरी पाऊस आत येतोच. आपल्याला चार-पाच फलंदाज हवे आहेत, आणि इतके फलंदाज मिळवून देईल असे नाणे आपल्या पिशवीत एकच आहे.

दुसरी गोष्ट दुखापतींची. स्टीफन स्ट्रासबर्ग २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, वॉशिंग्टनने त्याला सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार दिला आणि त्यानंतर तो उभ्या कारकिर्दीत फक्त आठ सामने खेळू शकला. मायामीच्या सँडी अल्कांतराला २०२२ चा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला होता, अगदी आपल्या स्कीन्ससारखाच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, २०२४ चे वर्ष वाया गेले आणि २०२५ मध्ये परतल्यावर ईआरए ५.३६. पुरस्काराच्या हिवाळ्यात मायामीला त्याच्या बदल्यात काय मिळाले असते आणि आज काय मिळेल, याचा विचार करावा. लांब कशाला जायचे, आपल्याच संघातला जॅरेड जोन्स यंदा मे महिन्यात कोपराच्या शस्त्रक्रियेला सामोरा गेला आणि अख्खा हंगाम खेळला नाही. असा वेग टाकणारा हात हे उन्हाळ्यातले बर्फ आहे, बाजार भरलेला असतानाच त्याचा व्यवहार केलेला बरा.

आणि यशस्वी उदाहरण हवे असेल तर कॅन्सस सिटी रॉयल्स पाहावे. झॅक ग्रिंकी हा २००९ चा साय यंग विजेता. डिसेंबर २०१० मध्ये त्याला मिलवॉकीकडे देऊन रॉयल्सने लॉरेंझो केन, अल्सिडेस एस्कोबार, जेरेमी जेफ्रेस आणि जेक ओडोरिझी घेतले. दोन वर्षांनी ओडोरिझी दुसऱ्या सौद्यात टँपाला गेला आणि त्या सौद्यातून जेम्स शील्ड्स व वेड डेव्हिस आले. केन २०१४ च्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, एस्कोबार २०१५ च्या त्याच मालिकेचा, आणि २०१५ ची वर्ल्ड सिरीज जिंकताना शेवटचा फलंदाज बाद केला तो डेव्हिसने. एका पिचरच्या बदल्यात हा सगळा वेल फुलला.

सांजवारा

मी पुण्यात राहतो, बेसबॉलशी संबंध फक्त धाग्यापुरता, त्यामुळे प्रश्न भाबडा वाटल्यास क्षमा असावी. याच आठवड्यात चेन्नई सुपर किंग्जने रवींद्र जडेजा आणि सॅम करन यांना राजस्थानकडे देऊन संजू सॅमसनला घेतले, त्यावरून आमच्याकडेही घरोघरी वाद चालू आहेत. परंतु आयपीएलमध्ये कुणी 'आम्ही पाच वर्षे हरणार आहोत, कारण आम्ही पुनर्बांधणी करत आहोत' असे म्हणत नाही. मग अमेरिकेत प्रेक्षक हे कसे चालवून घेतात? आणि पायरेट्सला एवढे फलंदाज हवे असतील तर ते बाजारातून विकत का घेत नाहीत?

नदीकाठचा

सांजवारा, प्रश्न भाबडा नाही, वर्मावरचा आहे. आयपीएलमध्ये प्रत्येक संघाची लिलावाची थैली सारखीच असते आणि काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन बहुतेक पत्ते पुन्हा पिसले जातात. मेजर लीग बेसबॉलमध्ये खर्चावर कमाल मर्यादा नाही. ठराविक रकमेच्या वर, २०२५ साठी ती २४.१ कोटी डॉलर होती, खर्च केला तर कर भरावा लागतो इतकेच, आणि श्रीमंत संघ तो आनंदाने भरतात. पायरेट्सच्या इतिहासातला २०२५ पर्यंतचा सर्वांत मोठा करार रेनॉल्ड्सचा, आठ वर्षांसाठी १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर. हुआन सोटोला न्यूयॉर्क मेट्सने १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी दिले. एका सोटोत आमचे सात रेनॉल्ड्स बसतात.

म्हणून गरीब संघ हरण्याच्या काळात ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक मिळवतो, महाग होऊ लागलेल्या खेळाडूंच्या बदल्यात अठरा-वीस वर्षांची मुले घेतो, त्यांना आपल्या कनिष्ठ संघांत वाढवतो आणि ती सगळी एकाच वेळी पिकतील अशी आशा करतो. यालाच पुनर्बांधणी म्हणतात. प्रेक्षक चालवून घेतात असे मात्र नाही. यंदा पहिल्या घरच्या सामन्यातच मालक बॉब नटिंग यांना उद्देशून 'संघ विका' अशा घोषणा स्टेडियममध्ये घुमल्या होत्या.

बखरकार, मसग्रोव्ह आणि बेडनारचा मुद्दा मान्य. माझ्याकडून तो राहिला.

डावखुरी

मी वॉशिंग्टनजवळ राहते आणि नॅशनल्सची चाहती आहे. तुम्ही सगळे ज्याची चर्चा करत आहात ते आम्ही करून बसलो आहोत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हुआन सोटो २०१८ मध्ये १९ व्या वर्षी आमच्याकडून खेळू लागला. पुढच्याच वर्षी आम्ही ह्यूस्टनला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकलो, तीही चारही विजय परक्या मैदानावर मिळवून, आणि त्या मालिकेच्या शेवटाला सोटोचे वय अवघे २१ वर्षे होते. त्यानंतर संघ इतक्या वेगाने घसरला की जुलै २०२१ मध्ये मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर या दोघांना एकाच सौद्यात डॉजर्सकडे पाठवले. तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की काळजी करू नका, सोटोभोवती नवा संघ बांधायचा आहे. एका वर्षाने, जुलै २०२२ मध्ये, सोटोने १५ वर्षांचा ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारल्याची बातमी बाहेर आली आणि २ ऑगस्टला तो सॅन डिएगो पाद्रेजकडे गेला. त्याचा २२ क्रमांकाचा सदरा माझ्या मुलाने त्याच उन्हाळ्यात वाढदिवसाला मागून घेतला होता. पुढे तो सदरा आम्ही कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला.

आता सौद्याकडे पाहू. सोटो आणि जॉश बेल यांच्या बदल्यात आम्हाला सी. जे. अब्राम्स, मॅकेंझी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसल आणि यार्लिन सुसाना हे पाच तरुण आणि शिवाय ल्यूक वॉइट मिळाला. हा सौदा फसला असे कुणीच म्हणू शकणार नाही. अब्राम्स २०२४ चा ऑल-स्टार, गोर आणि वुड २०२५ चे ऑल-स्टार. वुडने यंदा ३१ होमरन मारले, आणि जूनमध्ये एंजल्सविरुद्धच्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला फटका मारू द्यायलाच नको म्हणून चार वेळा मुद्दाम फुकट बेसवर पाठवले. २००४ मध्ये बॅरी बाँड्सच्या वाट्याला आल्यानंतर असा मान कुणाला मिळालाच नव्हता. एका सौद्यातून तीन ऑल-स्टार मिळणे म्हणजे लॉटरीच.

आणि त्या लॉटरीनंतर आमचा निकाल काय? २०२२ मध्ये १०७ पराभव, २०२३ मध्ये ९१, २०२४ मध्ये पुन्हा ९१ आणि २०२५ मध्ये ९६. यंदा ६ जुलैला जनरल मॅनेजर माइक रिझो आणि मॅनेजर (मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक) डेव्ह मार्टिनेझ या दोघांनाही एकाच दिवशी घरी पाठवण्यात आले. उत्तम सौदा करूनही असे का झाले, यावर आमच्याकडे बरेच चर्वितचर्वण झाले आहे. माझ्या मते कारण साधे आहे. सौद्यातून आलेली माणसे म्हणजे चार खांब. भिंती आपल्या आपण बांधाव्या लागतात, म्हणजे ड्राफ्टमधून आणि परदेशातल्या मुलांना करारबद्ध करून. त्या आम्हाला बांधता आल्या नाहीत. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर घेतलेला आमचा खेळाडू अजून मेजर लीगपर्यंत पोहोचलेला नाही, आणि स्ट्रासबर्गच्या कराराचे ओझे तर बखरकारांनी वर सांगितलेच आहे.

तेव्हा नदीकाठचा यांच्याशी मी निम्मी सहमत आहे. वाढवणारे हात नसतील तर सौदा वाया जातो. परंतु ते हात नसतील तर खेळाडू ठेवूनही काही साधत नाही, हे मात्र त्यांनी लिहिलेले नाही. सोटो आमच्याकडे राहिला असता तरी आम्ही २०२३ आणि २०२४ मध्ये हरलोच असतो, आणि २०२४ च्या शेवटी तो निघून गेला असता आणि आमचे हात रिकामेच राहिले असते.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून पैशांचा विचार करतो. स्कीन्सचे २०२५ चे वेतन ८ लाख ७५ हजार डॉलर होते. तरुण खेळाडूंसाठीच्या बोनस निधीतून त्याला २०२४ च्या कामगिरीबद्दल सुमारे २१ लाख ५० हजार डॉलर मिळाले, पण तो निधी सर्व संघ मिळून भरतात. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम दोन-तीन पिचरांपैकी एक आपल्याला जवळजवळ किमान वेतनात मिळतो आहे, आणि २०२६ मध्येही साधारण हीच स्थिती राहील. त्याची किंमत खऱ्या अर्थाने वाढू लागेल ती २०२७ पासून, लवादाच्या वर्षांत.

आता असे पाहा की डॉजर्स किंवा यांकीज यांना पैशांची वाण नाही, त्यांना असा पिचर बाजारभावानेही परवडतो. स्वस्तात मिळणारी असामान्य कामगिरी ज्याला सर्वांत जास्त उपयोगी पडते तो संघ म्हणजे नेमका पायरेट्स, कारण वाचलेल्या पैशांतून तो दोन चांगले फलंदाज घेऊ शकतो. वाचलेले पैसे खर्च करायचेच नसतील तर गोष्ट वेगळी, पण मग तो दोष स्कीन्सला ठेवण्याचा नाही, तिजोरी न उघडण्याचा आहे.

शिवाय मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतला करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. त्यानंतर टाळेबंदी होईल, खर्चाला कमाल मर्यादा येईल की आणखी काही होईल, यावर पैजा लागत आहेत. नियम बदलण्याच्या तोंडावर आपली सर्वांत मौल्यवान वस्तू जुन्या नियमांच्या भावाने देऊन टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

एक भाषिक शंकाही आहे. आपण सगळे कधी 'विकणे', कधी 'सौदा' म्हणत आहोत, परंतु ही मुळात अदलाबदल आहे, रोख पैसा त्यात दुय्यम असतो. 'विकणे' म्हटले की मालकाने पैसे खिशात घातले असे चित्र उभे राहते.

बखरकार

पिट्सबर्गच्या बाबतीत ते चित्र अगदीच चुकीचे आहे असे म्हणवत नाही, पण असो.

आकडेमोड, तुमचा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. परंतु आपल्याच गटातल्या मिलवॉकी ब्रूअर्सकडे पाहा. मिलवॉकीची बाजारपेठ पिट्सबर्गपेक्षाही लहान. त्यांनी २०२१ चा साय यंग विजेता कॉर्बिन बर्न्स याला २०२४ च्या फेब्रुवारीत, करारात एकच वर्ष उरले असताना, बाल्टिमोरला दिले. त्याआधी २०२२ मध्ये त्यांनी जॉश हेडरला सॅन डिएगोकडे पाठवले; तेव्हा संघ गटात पहिल्या क्रमांकावर होता आणि चाहत्यांनी भरपूर शिव्या घातल्या. परंतु त्या सौद्यातून आलेला एस्टेउरी रुईझ त्यांनी काही महिन्यांत तीन संघांच्या अदलाबदलीत पुढे सरकवला आणि त्यातून विल्यम कोंत्रेरास हा उत्तम कॅचर मिळवला. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे गट त्यांनीच जिंकला, आणि यंदाचे ९७ विजय हे तर सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक होते. ते तारा देतात आणि तरी जिंकतात. आपण तारा ठेवतो आणि हरतो.

उजवी भिंत

बखरकार, ब्रूअर्स जिंकत असताना तारा देतात, हे तुम्हीच लिहिले आहे. सगळा फरक तिथे आहे. जिंकणाऱ्या संघाने सौदा केला की चाहते म्हणतात, यांना काही कळत असेल. हरणाऱ्याने केला की म्हणतात, पुन्हा फसवले.

पिट्सबर्गमध्ये विश्वासाचा प्रश्न किती नाजूक झाला आहे, ते इथल्या बाहेरच्यांना कळावे म्हणून यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट सांगते. पीएनसी पार्कच्या उजव्या बाजूची भिंत २१ फूट उंच आहे, कारण रोबेर्तो क्लेमेंटे यांचा क्रमांक २१ होता. ३,००० हिट पूर्ण केलेला हा माणूस ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. त्या भिंतीवर त्यांच्या २१ क्रमांकाची एक खूण होती, ती काढून तिथे मद्याच्या एका ब्रँडची जाहिरात लावली गेली. कुटुंबीयांनी आणि चाहत्यांनी गदारोळ केल्यावर संघाने चूक मान्य करून खूण परत लावली. ज्यांना हे आधी सुचले नाही, त्यांनी स्कीन्स दिल्यावर 'आमच्यावर विश्वास ठेवा' म्हटले तर कोण ठेवील?

याच संघाने गेल्या वर्षी स्कीन्सच्या पहिल्या सामन्याच्या सदऱ्याचा तुकडा असलेल्या एकमेव कार्डासाठी तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली होती. ते कार्ड ११ वर्षांच्या एका मुलाला सापडले. त्याच्या घरच्यांनी तिकिटे नाकारली आणि कार्ड लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेले. तीस वर्षे पायरेट्स पाहण्यापेक्षा पैसे बरे, हा त्या घराचा निर्णय मला तरी फार कठोर वाटला नाही.

सांजवारा

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू २००८ मध्ये ज्या संघाने करारबद्ध केले होते तो हाच का? तसे असेल तर या संघाशी आपले थोडे नाते आहे म्हणायचे.

नदीकाठचा

होय, हाच. त्यांनी त्याआधी बेसबॉल हातातही घेतला नव्हता. दोघेही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाहीत, पण २००९ मध्ये पायरेट्सच्या सर्वांत खालच्या संघांपैकी एकाकडून रिंकूने सामना जिंकला आणि अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये विजय नोंदवणारा तो पहिला भारतीय ठरला.

आता मूळ विषयाकडे येतो. डावखुरी यांनी माझ्या म्हणण्यातले भोक बरोबर दाखवले आहे. वाढवणारे हात नसतील तर ठेवूनही हरायचे आणि देऊनही हरायचे, हे खरे. तरीही मी आज सौदा करू नये असेच म्हणेन, फक्त कारण बदलून. आजवरच्या चर्चेत आलेली उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ग्रिंकी गेला तेव्हा त्याची दोन वर्षे उरली होती. सोटोची अडीच. शिवाय शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ च्या १२१ पराभवांनंतर पिचर गॅरेट क्रोशेला बॉस्टनकडे दिले तेव्हाही दोनच. घेणाऱ्याला निदान दोन पूर्ण हंगाम मिळत असतील तर तो आपली चांगली मुले सोडतो, असे दिसते. स्कीन्सच्या बाबतीत ती वेळ २०२७ च्या हंगामानंतर येते. चार वर्षांच्या बदल्यात चौपट मोबदला मिळत नाही, कारण कुठल्याही संघाकडे द्यायला मुले मोजकीच असतात. म्हणजे आज सौदा केला तर वरची दोन वर्षे आपण जवळजवळ फुकट घालवतो.

त्या दोन वर्षांत काय होऊ शकते, हे मी यंदा उन्हाळ्याच्या शेवटी अल्टूनाला जाऊन पाहिले. आमचा डबल-ए, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, संघ तिथे खेळतो, पिट्सबर्गहून गाडीने दोनेक तासांवर. कॉनर ग्रिफिन नावाचा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), जो २०२४ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर आला, या एका हंगामात तीन पायऱ्या चढून तिथवर पोहोचला. वर्षभरात .३३३ ची सरासरी, २१ होमरन आणि ६५ चोरलेले बेस. मी पाहिलेल्या सामन्यात त्याला एकही हिट मिळाला नाही, पण पहिल्या बेसवरून तिसऱ्यावर तो ज्या रीतीने धावला ते पाहून माझ्या शेजारचे आजोबा हातातले शेंगदाणे खायचे विसरले. हा मुलगा आणि स्कीन्स निदान दोन हंगाम एकत्र खेळावेत, रेनॉल्ड्स बत्तीस-तेहतिशीत जाण्याआधी आणखी दोन फलंदाज आकडेमोड म्हणतात तसे पैसे खर्च करून आणावेत, आणि मग २०२७ च्या हंगामाअखेर संघ जिंकत नसेल तर मी स्वतः सौद्याच्या बाजूने लिहीन. तेव्हाही अट एकच राहील, की बदल्यात सोळा-सतरा वर्षांची दूरची आशा घेऊ नये. रॉयल्सना केन आणि एस्कोबार मिळाले तेव्हा दोघेही मेजर लीगमध्ये खेळून चुकलेले होते, आणि मला वाटते त्या सौद्याचे खरे मर्म तेच आहे.

कोपराबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तो धोका खरा आहे आणि तो घेऊनच मी हे म्हणत आहे.

डावखुरी

केन आणि एस्कोबारची आठवण योग्य वेळी काढलीत. आमच्या पाच जणांपैकी अब्राम्स आणि गोर हे दोघे मेजर लीग पाहिलेले होते, वुड तेव्हा १९ वर्षांचा होता आणि वर यायला त्याला जवळपास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत अब्राम्स आणि गोर हरत हरत शिकले, आणि वुड तयार झाला तेव्हा त्यांच्या स्वस्त वर्षांमधली दोन संपली होती. सगळे एकाच वेळी पिकणे हेच सर्वांत अवघड असते. वय आणि उरलेली वर्षे जुळवून मागा, नुसती नावे मागू नका.

बखरकार

डिसेंबर २०२७ ही तारीख मी वहीत लिहून ठेवली आहे. त्या दिवशी हा धागा वर काढीन. कोपर शाबूत असेल तर नदीकाठचा आणि मी दोघेही बरोबर ठरू, नसेल तर मी एकटा.